माहीत नाही, तरी मत देऊ का?

१९३७ साली ऑस्ट्रेलियात सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, निवडणूक झाली. न्यू साउथ वेल्स राज्यातून लेबर पक्षानं चार उमेदवार उभे केले. त्यांची आडनावं होती अमूर, आर्मस्ट्राँग, आर्थर आणि अ‍ॅशली. चारही इंग्रजी 'ए'पासून सुरू होणारी. योगायोग म्हणून सोडून द्यायला चार जरा जास्तच झाले. मतपत्रिकेवर एका पक्षाचे उमेदवार एका गटात असायचे आणि गटांचा क्रम तेव्हा आडनावांच्या आद्याक्षरांवरून लागायचा, त्यामुळे 'ए'वाल्यांचा गट सगळ्यात आधी दिसायचा. चौघेही निवडून आले. पक्षाची आपली मतं होतीच, केवळ अक्षरानं कोणी जिंकत नाही. पण १९४० मध्ये कायदा बदलला आणि सिनेटसाठी गटांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरू लागला.

ऑस्ट्रेलियात उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा असतो, आणि मतदानाला जाणं सक्तीचं आहे. ज्याला काही ठाऊक नाही किंवा कसलीच फिकीर नाही, तो वरून खाली सरळ १, २, ३, ४ असे आकडे टाकून मोकळा होतो. तिकडे याला 'डाँकी व्होट' म्हणतात. गाढवाचा यात काय दोष, हे मला अजून समजलेलं नाही.

आता मूळ प्रश्न. निवडणूक जवळ आली की 'मतदान करा' असा धोशा सगळीकडून लागतो. पण ज्याला उमेदवार माहीत नाहीत, मुद्दे माहीत नाहीत, त्या जागेचं काम काय असतं हेही माहीत नाही, त्यालाही केंद्रापर्यंत ओढून न्यावं का? की त्यानं घरी बसणंच सगळ्यांच्या भल्याचं? 'लोकशाहीत प्रत्येकानं मत द्यायलाच हवं' हे एक उत्तर आणि 'अडाण्यांना मत कशाला' हे दुसरं. दोन्ही तोंडावर तयार असतात, आणि दोन्हींत विचार कमीच असतो.

घरी बसा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद आधी नीट ऐकून घेऊ. तो तुच्छतेतूनच येतो असं नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जेसन ब्रेनन यांची मांडणी साधारण अशी: मत ही खासगी बाब नाही, त्याचे परिणाम दुसऱ्यांना भोगावे लागतात. तुम्ही स्वतःसाठी चुकीचा निर्णय घेतलात तर तुमचं नुकसान. पण चुकीचं मत दिलंत तर ज्यानं तसं मत दिलं नाही त्याच्यावरही ते सरकार बसतं. म्हणून मत देणं हे कर्तव्य नाही. मात्र द्यायचंच ठरवलं, तर समजून देणं हे कर्तव्य आहे. यात चूक काढणं वाटतं तितकं सोपं नाही.

मग लोक माहिती का करून घेत नाहीत? अँथनी डाऊन्स या अर्थतज्ज्ञानं १९५७ मध्ये याचा हिशेब मांडला. मोबाइल घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, कारण तो वाईट निघाला तर आपल्याच खिशात राहणार असतो. मताचं तसं नाही. लाखभर मतदारांत निकाल नेमका तुमच्या एका मतानं फिरण्याची शक्यता नगण्य. आठ दिवस जाहीरनामे वाचून काढले काय आणि न वाचता गेलं काय, निकाल बहुधा तोच. तेव्हा कामाधंद्यातून वेळ काढून कोणी अर्थसंकल्प वाचत नसेल, तर तो मूर्ख नव्हे, हिशेबी आहे. अडचण एवढीच की प्रत्येकानं हाच हिशेब केला तर सगळं गावच न वाचता मतदानाला जातं.

यात शिकलेले आणि न शिकलेले अशी फारकत करण्यातही अर्थ नाही. माझं दिवसभराचं काम वाचण्या-लिहिण्याचं. तरी एका निवडणुकीत एका जागेसाठी उभ्या असलेल्यांपैकी एकाचंही नाव मला ओळखीचं वाटलं नव्हतं. 'माहिती नसलेला मतदार' ही माणसांची वेगळी जात नाही. एका जागेसाठी जो जाणता असतो, तोच दुसऱ्या जागेसाठी कोरा असू शकतो.

बरं, पण कोऱ्या मतदारांमुळे खरंच बिघडतं का? इथे थोडं गणित करू.

समजा, १ लाख मतदार आहेत आणि उमेदवार दोन. त्यातल्या ९०,००० जणांना काहीच माहीत नाही, ते मनात नाणं उडवून बटण दाबतात. उरलेल्या १०,००० जणांनी अभ्यास केलाय आणि ते ६,००० विरुद्ध ४,००० असे पहिल्या उमेदवाराच्या बाजूनं आहेत. आता नाणं उडवणाऱ्या ९०,००० जणांची मतं जवळपास निम्मी-निम्मी विभागतात. अगदी निम्मी नाही, थोडा फरक राहतो. तो साधारण ३०० मतांच्या आसपासचा असतो, कधी कमी, कधी दुप्पट. जाणत्यांची आघाडी मात्र २,०००ची आहे. म्हणजे दहातले नऊ जण डोळे मिटून मत देताहेत, तरी निकाल जाणते दहा हजारच ठरवतात. न जाणणाऱ्यांची मतं एकमेकांना खाऊन टाकतात.

हे ऐकून पुष्कळ जण सुटकेचा निःश्वास टाकतात. जरा थांबा. नाणं किंचित खोटं निघालं तर? त्याच ९०,००० जणांचा कल दुसऱ्या उमेदवाराकडे शंभरात ५० ऐवजी फक्त साडेएक्कावन्न इतका झुकला, तर ४६,३५० विरुद्ध ४३,६५० मतं पडतात. फरक २,७०० मतांचा. जाणत्यांची २,०००ची आघाडी बुडाली. आणि दीड टक्का झुकायला काय लागतं? मतपत्रिकेवर वरचं नाव, ओळखीचं आडनाव, पोस्टरवरचा बरा चेहरा, आदल्या रात्री फिरलेली एखादी अफवा. ऑस्ट्रेलियातल्या त्या चार 'ए'कडे या हिशेबातून पाहिलं की ती निव्वळ गंमत राहत नाही.

गर्दीच्या शहाणपणाचा जो दाखला हटकून दिला जातो, तोही याच नजरेनं तपासायला हवा. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावर किती वजन भरेल, हे ओळखण्याची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टननं त्या चिठ्ठ्या मिळवल्या आणि १९०७ मध्ये निष्कर्ष छापला. वाचता येतील अशा ७८७ चिठ्ठ्या होत्या. अंदाज चढत्या क्रमानं लावले तर मधोमध आला तो १,२०७ पौंडांचा. खरं वजन भरलं १,१९८ पौंड. अचाट! पण गाल्टननंच नोंदवलंय की भाग घ्यायला सहा पेन्स भरावे लागत होते, त्यामुळे थट्टेखोर बाजूला राहिले. बक्षिसाच्या आशेनं प्रत्येकजण मनापासून अंदाज करत होता. शिवाय बैल समोर उभा होता. पुढाऱ्यांनी बैलाच्या वजनाबद्दल भाषणं ठोकली नव्हती.

फ्रेंच गणिती कोंदोर्से यानं हीच गोष्ट १७८५ मध्ये सूत्रात बसवली होती. दोन पर्यायांपैकी एक बरोबर आहे, आणि प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता ५१ टक्के आहे असं धरा. प्रत्येकानं स्वतःच्या डोक्यानं ठरवलं, तर १०,००० जणांचं बहुमत बरोबर असण्याची शक्यता सुमारे ९८ टक्क्यांपर्यंत जाते. तीच व्यक्तिगत शक्यता ४९ टक्के असेल, तर बहुमत जवळपास तितक्याच खात्रीनं चुकतं. गर्दी शहाणपण वाढवते तसा गोंधळही वाढवते.

म्हणजे घरी बसा म्हणणारे बरोबर? रोग ओळखण्यात त्यांची फारशी चूक नाही. गडबड आहे ती औषधात.

पहिलं औषध म्हणजे परीक्षा घ्या आणि पास होणाऱ्यालाच मत द्या. हे करून झालेलं आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या १८९०च्या घटनेत नियम होता की मतदार होऊ इच्छिणाऱ्याला राज्यघटनेतला एखादा भाग वाचता यावा, किंवा कोणी वाचून दाखवला तर त्याचा वाजवी अर्थ सांगता यावा. अर्थ वाजवी आहे की नाही, हे कोण ठरवणार? समोर बसलेला गोरा कारकून. नियमात वंशाचा उल्लेख नव्हता, त्याची गरजही नव्हती. १९६५चा मतदान हक्क कायदा येण्याआधी तिथल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी जेमतेम ७ टक्क्यांची मतदार म्हणून नोंद होती. कायद्यानं अशा परीक्षा थांबवल्या आणि १९६७ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेलं. दोन वर्षांत लोक एकाएकी विद्वान झाले नव्हते. प्रश्नपत्रिका कोण काढतो आणि कोण तपासतो, त्याच्या हातात निकाल असतो. ब्रिटनमध्ये याच्या उलट सोय होती: विद्यापीठाच्या पदवीधरांना एक जास्तीचं मत. ते १९४८च्या कायद्यानं बंद झालं.

दुसरं औषध सौम्य आहे. सक्ती नको, परीक्षा नको, फक्त सल्ला द्या: 'माहीत नसेल तर मत देऊ नका.' हा मला बरीच वर्षं पटत होता. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. हा सल्ला ऐकतं कोण? ज्याला स्वतःबद्दल शंका आहे तो. 'आपल्याला बाई यातलं काही कळत नाही' असं म्हणणारी, दोन्ही बाजू ऐकून गोंधळलेली, विचार करणारी माणसंच घरी बसतील. चौकात उभं राहून परराष्ट्र धोरणापासून व्याजदरापर्यंत सगळ्यावर ठाम मत देणारा हा सल्ला स्वतःसाठी आहे असं कधीच मानणार नाही. तो सकाळी सातला रांगेत पहिला असेल. म्हणजे या चाळणीतून अज्ञान गळत नाही, संकोच गळतो.

आणि ठाम असणं म्हणजे जाणतं असणं नव्हे, हेही तपासून झालंय. येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर अमेरिकन लोकांना आकड्यांचा एक छोटा तक्ता दिला. काहींना सांगितलं, हे त्वचेच्या मलमाच्या चाचणीचे आकडे आहेत. बाकीच्यांना तसाच तक्ता बंदूकबंदी आणि गुन्हेगारी यांचा म्हणून दिला. मलमाच्या वेळी ज्यांचं गणित चांगलं त्यांचं उत्तर जास्त वेळा बरोबर आलं. बंदुकीच्या वेळी मात्र आकडे आपल्या पक्षाच्या बाजूनं असले तरच ही हुशारी चालली. पक्षांमधली दरी सगळ्यात रुंद कुठे होती? ज्यांचं गणित सगळ्यात चांगलं होतं त्यांच्यात. माहिती आणि हुशारी माणसाला सत्याकडे नेते तशी स्वतःच्या बाजूचं वकीलपत्र घ्यायलाही मदत करते.

उलट, थोडक्या माहितीवर ठीकठाक मत देता येतं याचाही दाखला आहे. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात विम्याबद्दलचे पाच किचकट प्रस्ताव एकाच वेळी मतदानाला होते. त्यांतले बारकावे सामान्य माणसानं वाचणं अशक्यच. आर्थर लुपिया या राज्यशास्त्रज्ञाला आढळलं की ज्यांना तपशील माहीत नव्हते, पण विमा कंपन्या कोणत्या प्रस्तावाच्या बाजूनं आहेत एवढंच ठाऊक होतं, त्यांची मतं सगळा तपशील जाणणाऱ्यांच्या मतांशी बरीच जुळत होती. कोण कोणाच्या पाठीशी उभा आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ काम होतं.

मग 'माहीत असणं' म्हणजे नेमकं काय? हे सगळ्यात नीट दिसतं ब्राझीलमध्ये.

तिथेही मतदान सक्तीचं आहे. पूर्वी कागदी मतपत्रिका होती आणि प्रतिनिधिगृहांच्या निवडणुकीत त्यावर उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक स्वतःच्या हातानं लिहावा लागायचा. ज्यांचं प्राथमिक शिक्षणही पुरं झालेलं नाही अशी माणसं लाखोंनी होती. ती रांगेत उभी राहायची, कागद घ्यायची, काहीतरी लिहायची किंवा कोरा टाकायची. मोजणीत त्यांची मतं ढिगानं बाद व्हायची. माणूस केंद्रापर्यंत येत होता, मत पेटीतच मरत होतं.

नव्वदच्या दशकात मतदान यंत्रं आली. टेलिफोनसारखी अंकांची बटणं, शेजारी छोटा पडदा. क्रमांक दाबला की उमेदवाराचा फोटो येतो. बरोबर असेल तर हिरवं बटण, चुकलं असेल तर नारिंगी. १९९८च्या निवडणुकीत यंत्रं सगळीकडे पुरणार नव्हती, म्हणून ४०,५०० पेक्षा जास्त मतदार असलेल्या नगरांना यंत्र आणि त्याखालच्यांना कागद, असं ठरलं. टॉमस फुजिवारा या अर्थतज्ज्ञानं या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची नगरं ताडून पाहिली. ४०,००० मतदारांचं नगर आणि ४१,००० मतदारांचं नगर यांत एरवी फरक तो काय असणार? पण यंत्रवाल्या नगरांत ग्राह्य मतांचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त वाढलं. ज्या राज्यांत अशी जास्त मतं मोजणीत आली, तिथे सरकारांचा आरोग्यावरचा खर्च वाढला. कमी शिकलेल्या गरोदर बायकांच्या तपासण्या वाढल्या आणि त्यांच्या पोटी कमी वजनाची मुलं जन्मण्याचं प्रमाण घटलं.

परीक्षा घेतली असती तर यातले किती मतदार पास झाले असते? फारच थोडे. सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो, हे मात्र त्यांना ठाऊक होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. ही माहिती पुस्तकी मतदाराकडे नसते, आणि ती मोजलीच गेली नाही तर सरकारकडेही पोचत नाही. भारतात १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना आधी साक्षर करू आणि मग मत देऊ, असं ठरलं नाही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं.

अर्थात यालाही मर्यादा आहे. दुखतंय कुठे हे कळलं म्हणून कशानं दुखतंय ते कळेलच असं नाही. महागाई सरकारच्या धोरणानं वाढली की जगभरातल्या तेलाच्या भावानं, हे रिकाम्या पिशवीवरून सांगता येत नाही. म्हणून जाणत्या मताला किंमत नाही असं मी म्हणत नाही. दोन वेगवेगळ्या माहित्या आहेत, आणि एकच परीक्षा घेतली तर दुसरी हरवते, एवढंच म्हणतोय.

आता मतदानासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोत्साहनाबद्दल. हा शब्द फार ढिला आहे, त्यात काहीही कोंबता येतं. २००६ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या प्राथमिक (म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीआधी संशोधकांनी काही घरांना एक पत्र पाठवलं. त्यात घरातल्यांची आणि शेजाऱ्यांची नावं होती, आणि मागच्या निवडणुकांत कोणी मत दिलं, कोणी नाही, ते लिहिलेलं. मतदानानंतर सुधारित यादी सगळ्यांना पाठवू, असंही बजावलेलं. ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं त्यांच्यात मतदान सुमारे ३० टक्के झालं, पत्र मिळालेल्यांत सुमारे ३८ टक्के. पत्रानं एवढी वाढ होणं ही थोडीथोडकी गोष्ट नाही. पण त्या पत्रात उमेदवारांबद्दल एक ओळ नव्हती. लाजेनं माणूस केंद्रापर्यंत जातो, पडद्यामागे गेल्यावर लाज काही सुचवत नाही. तिथे मग वरचं नाव उपयोगी पडतं.

नुसत्या सक्तीचंही तेच. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये मतदान ६० टक्क्यांच्याही खाली होतं. १९२४ मध्ये सक्ती आली आणि १९२५ मध्ये ते ९१ टक्क्यांवर गेलं. फायदा मोठा झाला, कारण पुष्कळ देशांत घरी बसणाऱ्यांत तरुण आणि कमी कमाईचे लोक जास्त असतात, आणि जे मतच देत नाहीत त्यांच्या दारात उमेदवार कशाला जाईल? पण सोबत डाँकी व्होटही आलं. त्यावर ऑस्ट्रेलियानं गाढवांना हाकललं नाही, मतपत्रिका दुरुस्त केली. तस्मानिया राज्यात १९७९ च्या बदलानंतर पत्रिका वेगवेगळ्या क्रमानं छापतात. कोणाच्या पत्रिकेवर एक नाव वर, कोणाच्या दुसरं. आंधळं मत पडतंच, पण ते सगळ्यांत वाटलं जातं. खोटं नाणं पुन्हा खरं होतं, आणि आपल्या गणितातले ते ३०० फक्त ३००च राहतात.

म्हणून मला कोणी विचारलं, 'माहीत नाही, तरी जाऊ का?', तर मी जा म्हणतो. पण जाण्याआधी एक संध्याकाळ दे. सगळे जाहीरनामे नकोत. तुला ज्या एका गोष्टीचा रोज त्रास होतो तिच्यावर कोण काय म्हणतंय, आणि कोणाच्या मागे कोण उभं आहे, एवढंच बघ. त्या पत्रिकेवर तीन जागा असतील आणि दोनांबद्दलच काही कळलं असेल, तर नियम परवानगी देत असतील तिथे तिसरी कोरी सोड. त्यात कमीपणा नाही. ज्यांना त्या जागेचं कळतं त्यांच्यावर तू ती सोपवतोस. 'कोणालाच मत नाही' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भारतात २०१३ पासून आलेलं 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण त्यांतल्या दुसरीसाठी नाही. ते नकाराचं आहे, अज्ञानाचं नव्हे.

ब्राझीलच्या यंत्रावर हिरव्या आणि नारिंगी बटणांशेजारी तिसरं बटण आहे, पांढरं. ते दाबलं की त्या जागेपुरतं मत कोरं जातं, आणि पडद्यावर पुढची जागा येते.